प्रयोगशाळेतला लेप कारखान्यापर्यंत: विद्यापीठ आणि कंपनीच्या करारात आधी काय, नंतर काय

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. विद्यापीठाच्या एका संशोधन केंद्राने पोलादासाठी गंजरोधक लेप तयार केला आहे आणि चाचण्यांचे निकाल चांगले आहेत. लेप बनवणारी एक कंपनी १८ महिन्यांच्या पुढील संशोधनाला पैसे द्यायला तयार आहे, पण ‘यातून जे निघेल ते सगळे आमचे’ ही तिची अट आहे. दोन महिन्यांनी एका परिषदेत याच कामाचे पोस्टर लागणार आहे. केंद्राला कळायला हवे आहे की रॉयल्टी किती टक्के मागावी.

टक्केवारी सगळ्यात शेवटी बघायची. असे व्यवहार दरावरून क्वचितच मोडतात. पोस्टर आधीच लागून गेलेले असते, शोधावर नेमका कोणाचा हक्क हे कोणाला सांगता येत नाही, किंवा छोट्या पत्र्यावर टिकणारा लेप टाकीवर टिकत नाही तेव्हा पुढचा खर्च कोणी करायचा हे कुठेच लिहिलेले नसते. व्यवहार मोडतात ते या तीन ठिकाणी. म्हणून उत्तरही त्याच क्रमाने देतो.

पोस्टर

पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, आणि स्वतः शोध लावणाऱ्याने तो आधी जाहीर केला तरी नवेपणा जातो. अमेरिकेत स्वतःच्या प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत मिळते. युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही. पोस्टर लागला त्या दिवसापासून दार बंद. आणि धोक्याची तारीख पोस्टरची नसून परिषदेच्या गोषवाऱ्यांची असते, कारण ते बरेचदा काही आठवडे आधीच संकेतस्थळावर येतात. ग्रंथालयात खुला ठेवलेला प्रबंध, गोपनीयता करार न करता कंपनीत दिलेले सादरीकरण, हेही जाहीर करणेच.

जनुकांची जोडणी करण्याच्या कोहेन-बॉयर पद्धतीचे उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असते. शोधनिबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये आला, स्टॅनफर्डचा अर्ज ४ नोव्हेंबर १९७४ ला गेला, म्हणजे अमेरिकी सवलतीची मुदत जवळपास संपताना. अमेरिकेबाहेरचे हक्क तोवर गेलेले होते. तरी त्या पेटंटांवर ४६८ कंपन्यांनी परवाने घेतले आणि १९९७ पर्यंत सुमारे २५.५ कोटी डॉलर जमा झाले. हे वाचून निर्धास्त होऊ नये. ती पद्धत टाळून त्या काळी त्या क्षेत्रात कोणालाच काम करता येत नव्हते. गंजरोधक लेपाला बाजारात वीस पर्याय असतात, आणि ज्या देशांत पेटंट नाही तिथे प्रतिस्पर्धी तोच लेप फुकटात बनवेल. कंपनी हे पहिल्याच बैठकीत विचारते.

म्हणून या आठवड्यात शोधाचा तपशील विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतर कार्यालयाकडे लेखी द्या, आणि गोषवारा खुला होण्याआधी तात्पुरता अर्ज (पहिली तारीख राखून ठेवणारा पेटंट अर्ज) दाखल करून घ्या. घाईत पोस्टरचाच मजकूर चिकटवून अर्ज करण्याची पद्धत फार बोकाळली आहे. ती फसवी आहे. अर्जात जे लिहिलेले नाही त्याला त्या तारखेचे संरक्षण मिळत नाही. ज्या एका प्रमाणात उत्तम निकाल आला तेवढेच लिहिले, तर प्रतिस्पर्धी दोन टक्के इकडेतिकडे करून मोकळा. प्रत्येक घटकाची किमान ते कमाल मर्यादा, पर्यायी रेझिन (लेप धरून ठेवणारा राळेसारखा पदार्थ) आणि विद्रावके, सुकवण्याचे तापमान आणि वेळ, लेपाची जाडी, आणि तुमचा घटक काढून टाकल्यावर लेप किती लवकर बिघडतो याची तुलना, इतके तरी हवेच. फसलेल्या मिश्रणांची नोंदही काढून ठेवा. मर्यादा कुठे आखायची हे पेटंट वकिलाला त्यावरूनच समजते.

तिथून घड्याळ सुरू होते. १२ महिन्यांच्या आत पूर्ण किंवा पीसीटी (पेटंट सहकार्य करार) मार्गाचा आंतरराष्ट्रीय अर्ज, साधारण १८ व्या महिन्यात तो प्रसिद्ध होणार, आणि बहुतेक देशांत ३० व्या महिन्यापर्यंत (युरोपीय कार्यालयात ३१ व्या) देशोदेशी प्रवेश. खर्चाची खरी उडी या शेवटच्या टप्प्यात असते: प्रत्येक देशाचे शुल्क, वकील, भाषांतर. विद्यापीठे बहुतेकदा इथेच अर्ज सोडून देतात. तेव्हा ३० व्या महिन्याआधी हा खर्च उचलणारा परवानाधारक मिळवणे, हे तुमचे खरे वेळापत्रक. कंपनीचा १८ महिन्यांचा प्रकल्प त्यात बसतो, पण करार करण्यातच आठ-नऊ महिने गेले तर बसत नाही.

मालकीचा तक्ता

कंपनीचे वकील सगळ्यात आधी हक्कांची साखळी तपासतात. ती तुम्हीच आधी तपासून एका पानावर मांडा: नाव, त्या काळातली नोकरी किंवा शिष्यवृत्ती, नेमके योगदान, कोणत्या पैशातून काम झाले, हक्क विद्यापीठाला लिहून दिल्याची तारीख.

शोधनिबंधाचे लेखक आणि पेटंटमधील शोधकर्ते ही एकच यादी नसते. ज्याने पेटंटच्या एखाद्या दाव्यातली (म्हणजे संरक्षण नेमके कशाला हवे हे सांगणाऱ्या कलमातली) कल्पना दिली तो शोधकर्ता. सांगितल्याप्रमाणे मोजमापे घेणारा शोधकर्ता नाही, आणि विभागप्रमुख केवळ विभागप्रमुख म्हणून तर नाहीच. सौजन्य म्हणून नाव घालणे निबंधात खपते, पेटंटमध्ये नाव चुकीचे घातले किंवा गाळले तर पुढे पेटंटच अडचणीत येऊ शकते.

विद्यार्थी हा बरेचदा विद्यापीठाचा नोकर नसतो, त्यामुळे नोकरीच्या नियमाने त्याचे हक्क आपोआप विद्यापीठाकडे येत नाहीत. तो अजून प्रयोगशाळेत आहे तोवर हस्तांतरपत्रावर सही घ्या. पदवी घेऊन दुसऱ्या कंपनीत गेलेल्या माणसाला शोधून सही मागणे म्हणजे त्याला वाटाघाटीत खुर्ची देणे. पाहुणे संशोधक आणि दुसऱ्या विद्यापीठाचे सहकारी यांचेही तसेच.

सहीच्या कागदावरचे क्रियापद बघा. स्टॅनफर्ड विरुद्ध रोश या खटल्यात संशोधकाने विद्यापीठाला ‘हक्क देण्याचे मान्य करतो’ असे लिहून दिले होते, आणि नंतर ज्या कंपनीत तो तंत्र शिकायला गेला तिला ‘याद्वारे हक्क देत आहे’ असे. पहिले वचन ठरले, दुसरे प्रत्यक्ष हस्तांतर. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की संशोधनाला सरकारी पैसा होता म्हणून शोधाची मालकी आपोआप विद्यापीठाकडे जात नाही. तुमचे कोणी एखाद्या कंपनीच्या प्रयोगशाळेत उपकरण वापरायला गेले असेल, तर तिथल्या प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद मागवून घ्या. तो कोणी वाचलेला नसतो.

आधीच्या निधीच्या अटीही तक्त्यात याव्यात. अमेरिकेतील १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी निधीतून निघालेल्या शोधाची मालकी विद्यापीठांना ठेवता येऊ लागली, पण सरकारकडे स्वतःच्या वापराचा परवाना राहतो. जवळजवळ प्रत्येक निधीदाराची अशी काही ना काही शेपटी असते. शिवाय लेपातले रेझिन एखाद्या पुरवठादाराने ‘नमुना’ म्हणून फुकट दिले असेल, तर त्या नमुन्याच्या करारात ‘यापासून जे बनेल त्यावर आमचाही हक्क’ असे कलम असू शकते. बाटली फुकट आली असेल तर कागद हमखास शोधा.

‘सगळे आमचे’ याला उत्तर

नकार देण्याआधी कंपनीला भीती कशाची आहे ते ओळखा. पैसे आपण घालू आणि तंत्र प्रतिस्पर्ध्याला मिळेल, ही एक. यश आल्यावर विद्यापीठ अव्वाच्या सव्वा मागेल, ही दुसरी. विद्यापीठाच्या समित्यांत वर्ष जाईल, ही तिसरी; आणि खरे सांगायचे तर ती सगळ्यात रास्त आहे. मालकी न देताही तिन्हींना उत्तर देता येते.

प्रथम आधीचे आणि नवे वेगळे करा. करारावर सही होण्यापूर्वी दाखल केलेला अर्ज, वहीतल्या नोंदी, मिश्रणे, हे सर्व विद्यापीठाचे पूर्वार्जित. त्याची यादी परिशिष्टात जोडा. यादी नसेल तर १८ महिन्यांनी सगळेच प्रकल्पातून निघाले असे ठरते. प्रकल्पातून नवे निघेल त्याची मालकी शोधकर्त्यांप्रमाणे: तुमच्या माणसांचे तुमचे, कंपनीचे कंपनीचे, दोघांचे असल्यास संयुक्त. संयुक्त मालकी कानाला गोड लागते, पण शक्यतो टाळा. तिचे नियम देशागणिक बदलतात. काही ठिकाणी सहमालक दुसऱ्याला न विचारता परवाना देऊ शकतो, काही ठिकाणी अजिबात देऊ शकत नाही.

मग कंपनीला तिच्या वापरक्षेत्रापुरता एकाधिकार परवाना (त्या क्षेत्रात तो दुसऱ्या कोणाला मिळणार नाही असा) घेण्याचा पर्याय द्या. क्षेत्र आखणे हे या सगळ्या करारातले सगळ्यात कसबाचे काम आहे. ‘सर्व धातूंवरील लेप’ म्हणजे सगळेच देणे. ‘जमिनीखालील पोलादी पाइपांचा बाहेरचा लेप’ हे क्षेत्र झाले. कंपनीचा धंदा पाइपांचा असेल तर जहाजे, वाहने आणि काँक्रीटमधल्या सळया तिच्याकडे अडकून का राहाव्यात? क्षेत्र पृष्ठभाग आणि उपयोग यांनी आखा, ग्राहकांच्या नावांनी नको. संशोधन आणि अध्यापनासाठी वापरण्याचा विद्यापीठाचा हक्क प्रत्येक बाबतीत राखा.

पर्यायाची मुदत अंतिम अहवालापासून सहा महिने, वाढवायची तर शुल्क देऊन. दराची भीती घालवायची असेल तर दराची मर्यादा आताच लिहून टाका. मिनेसोटा विद्यापीठाने २०११ मध्ये याहून धीट मार्ग काढला: प्रायोजकाने करार करतानाच प्रकल्पखर्चाच्या १० टक्के किंवा १५,००० डॉलर यांपैकी जास्त असेल ती रक्कम भरली, तर निघणाऱ्या शोधांचा जगभराचा एकाधिकार परवाना त्याचा, पुढची घासाघीस नाही. मालकी मात्र विद्यापीठाकडेच. लहान प्रकल्पांसाठी असा पर्याय ठेवण्यासारखा आहे. ज्यांचे मूल्य कोणालाच सांगता येत नाही अशा शोधांवर महिनोन्‌महिने भांडण्याचा खर्च तरी वाचतो. प्रमाणित मसुदा वापरणे हा दुसरा उपाय. ब्रिटनमधले लँबर्ट नमुना करार त्यासाठीच तयार केले गेले.

‘भविष्यातील सर्व सुधारणा’ हे शब्द दिसले की थांबा. त्यावर सही केली तर पुढच्या दहा वर्षांत तुमच्या केंद्राने लेपांवर केलेले सगळे काम एका कंपनीच्या खिशात. या पेटंटच्या दाव्यांत बसणाऱ्या आणि दोन वर्षांत झालेल्या सुधारणा, एवढेच द्या.

प्रसिद्धीचे कलम असे असावे: हस्तलिखित कंपनीला ३० दिवस आधी, पेटंटसाठी मागितल्यास आणखी ६० दिवस, त्यापुढे नाही. कंपनीने स्वतः दिलेली गोपनीय माहिती काढायला सांगावी. निकाल काढायला सांगता येणार नाही. विद्यार्थ्याचा प्रबंध कोणत्याही कारणाने थांबणार नाही, हे वेगळ्या ओळीत लिहा.

प्राध्यापकाने त्याच विषयावर कंपनीशी खासगी सल्लागारी करार करू नये. त्या करारात निघालेले सहसा कंपनीचे होते, आणि कोणती कल्पना रविवारी सुचली नि कोणती सोमवारी, हे नंतर कोणी सिद्ध करू शकत नाही. अनेक कंपन्यांनी वर्गणी भरून चालवायचे संशोधन मंडळ, जसे अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या उद्योग-विद्यापीठ सहकार्य केंद्रांत चालते, ते चाचणीपद्धती किंवा गंजाचे मूळ शास्त्र अशा सामाईक विषयांना उत्तम. तिथे सर्व सदस्यांना समान हक्क मिळतात, म्हणून लेपाचे मिश्रण तिथे नेऊ नका.

पत्र्यापासून टाकीपर्यंत

तंत्र वापरासाठी किती तयार आहे हे दाखवणाऱ्या नासाच्या नऊ पायऱ्यांच्या तंत्रसज्जता मोजपट्टीवर विद्यापीठाचे काम बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या पायरीवर संपते आणि कंपनीला सहाव्या-सातव्यापासून रस वाटतो. मधल्या पायऱ्या कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतात.

लेपाच्या बाबतीत ही दरी अशी दिसते. तुमची मिठाच्या फवाऱ्याची चाचणी आयएसओ ९२२७ प्रमाणे, ५ टक्के मीठ आणि ३५ अंश सेल्सिअसला झाली असेल. पण पत्रा हाताने घासून अॅसिटोनने पुसलेला होता. कारखान्यात पृष्ठभाग कणांचा मारा करून तयार होतो. त्याचा खडबडीतपणा वेगळा, आणि लेप सुटतो तो तिथून. तुम्ही पत्रा बुडवून लेप चढवला, ते फवारणार. त्यासाठी द्रवाचा दाटपणा बदलावा लागतो, तो बदलला की जाडी बदलते, कडांवर लेप पातळ राहतो आणि गंज कडेपासून सुरू होतो. नॅनोकण तुम्ही अल्ट्रासोनिक दांडीने १०० मिलिलिटरमध्ये पसरवले. ती दांडी २०० लिटरला पुरत नाही. तिथे बीड मिल (बारीक मण्यांनी घुसळणारे यंत्र) लागते, आणि तिच्यात कणांवरचे आवरण खरवडले जाऊ शकते. विद्रावक म्हणून डायमिथाइलफॉर्मामाइड वापरले असेल, तर युरोपात डिसेंबर २०२३ पासून कामगारांच्या संपर्कमर्यादेचे कडक निर्बंध आहेत आणि कंपनी ते पाहून मिश्रणच नाकारेल. दोन घटक मिसळल्यावर लेप किती तास वापरता येतो, हे विद्यापीठात कोणी मोजलेलेच नसते, कारण तिथे दहा मिनिटांत पत्रे संपतात.

यातले बरेच काम कंपनी येण्याआधी स्वस्तात होते. औद्योगिक प्रतीच्या कच्च्या मालाचे दोन पुरवठादारांकडून तीन वेगवेगळे लॉट आणून तीच चाचणी पुन्हा लावा. निकाल फक्त शुद्ध रसायनावरच येत असेल तर ते आताच कळलेले बरे. मिसळलेला लेप दर तासाला दाटपणा मोजत ठेवून द्या. बंद डबा ५० अंशांवर महिनाभर ठेवून तळाला काय बसते ते पाहा. बाजारातला एक चांगला लेप त्याच चाचणीत शेजारी लावा. स्वतःच्याच उघड्या पत्र्याशी तुलना केलेला आलेख उद्योगातला माणूस पाहतही नाही.

करारात टप्पे लिहा आणि प्रत्येक टप्प्याला आकडा द्या. उदाहरणार्थ, १०० ग्रॅमवरून ५ किलोची तीन सलग मिश्रणे. तिन्हींमध्ये मिठाच्या फवाऱ्यात १००० तासांनंतर मुद्दाम मारलेल्या ओरखड्यापासून गंज २ मिलिमीटरपेक्षा पुढे सरकू नये. तसे झाले तर २०० किलो कंपनीच्या जागेत, कंपनीच्या खर्चाने. आकडा आधी ठरला नसेल तर ‘समाधानकारक’ या शब्दावर सहा महिने जातात. विद्यापीठाने काम काळजीपूर्वक करण्याचे वचन द्यावे, निकालाचे नाही. आणि टप्प्यांची तारीख पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर ठेवू नये. त्यासाठी पगारी अभियंता अंदाजपत्रकात धरा. कंपनीला नमुने पाठवताना ‘घटकांचे विश्लेषण करणार नाही’ ही अट लेखी घ्या.

आता टक्केवारी

दराआधी पाया ठरवा: टक्के कशाचे? लेपाच्या विक्रीचे की लेप दिलेल्या पाइपच्या विक्रीचे? पाइपच्या किमतीत पोलादाचाच वाटा मोठा, त्यामुळे लेपावरचे ४ टक्के हे पाइपवरच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असू शकतात. कंपनी लेप न विकता स्वतःच्या पाइपांवरच वापरणार असेल तर लेपाची विक्री शून्य आणि रॉयल्टीही शून्य. अशा वेळी दर चौरस मीटरला ठरावीक रक्कम हा सरळ उपाय. ‘निव्वळ विक्री’तून काय वजा होते ते मोजून लिहा: कर, परत आलेला माल, वाहतूक. जाहिरात आणि दलाली नाही.

पेटंट संपल्यावरही रॉयल्टी चालू ठेवणारे कलम अमेरिकेत १९६४ च्या ब्रुलॉट निकालापासून चालत नाही, २०१५ च्या किंबल निकालाने ते कायम ठेवले. प्रक्रियेतले कसब, म्हणजे मिसळण्याचा क्रम, सुकवण्याच्या खाचाखोचा, यांचा मोबदला वेगळा दाखवलात तर त्याची मुदत वेगळी ठरवता येते.

दरापेक्षाही मोलाचे कलम वापराच्या सक्तीचे आहे. कंपनीने एकाधिकार घेऊन तंत्र कपाटात ठेवले, तर दर कितीही असो, हाती काही येत नाही. आणि कधी कधी जुना लेप वाचवण्यासाठीच नवा विकत घेतला जातो. म्हणून दरवर्षीची किमान रक्कम, आणि ३६ महिन्यांत पहिली विक्री नसेल तर परवाना आपोआप सामान्य (म्हणजे इतरांनाही देता येणारा) होणे, हे दोन्ही लिहा. पेटंटचा झालेला खर्च सहीच्या वेळी आणि पुढचा वेळच्या वेळी कंपनीकडून. कंपनीने पुढे दुसऱ्याला दिलेल्या उपपरवान्याच्या उत्पन्नातला वाटा वेगळा.

स्वतःची कंपनी काढण्याचा मोह होईल. एका लेपासाठी काढू नये. ज्या तंत्राची पाच-सहा क्षेत्रे आहेत आणि कोणतीही एक कंपनी ती सगळी विकसित करणार नाही, तिथे ते शोभते. काढलीच, तर विद्यापीठाच्या भागाची घट समजून घ्या: ५ टक्के हिस्सा, २० टक्के नवे भाग देणाऱ्या दोन गुंतवणूक फेऱ्यांनंतर ३.२ टक्के उरतो.

रॉयल्टीसोबत दर तिमाहीला किती लिटर बनवला, किती विकला, किती स्वतः वापरला, काय वजा केले, हे येईल असे लिहा, आणि तीन वर्षे मागचे हिशेब तपासण्याचा हक्क ठेवा. तपासणीत ५ टक्क्यांहून जास्त तूट निघाली तर तपासणीचा खर्च कंपनीचा. करार मोडला तर चाचण्यांचे अहवाल, मोठ्या मिश्रणांच्या नोंदी आणि मिळालेली प्रमाणपत्रे वापरण्याचा हक्क विद्यापीठाकडे यावा. ते नसेल तर दुसऱ्या कंपनीला १००० तासांची चाचणी पहिल्या पत्र्यापासून लावावी लागते, आणि तोवर पेटंटचा ३० वा महिना निघून गेलेला असतो.